कोण कुठं गेलं याची नोंद

आई,

तुला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. टेलिफोनवाल्या बाईची लेक मी, मला पत्राची गरज कधी पडली? लग्न होऊन इकडं आले तेव्हाही तू एवढंच म्हणालीस, "काय लागलं तर फोन कर, न्हावऱ्यात बूथ हाय." तू गेलीस त्याला आता सतरा वर्षं होतील. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. सकाळचे साडेअकरा वाजलेत, घरात मी एकटीच आहे आणि मला एका जागी बसवत नाहीये. ओटा दोनदा पुसून झाला. गच्चीवर जाऊन कुरडया उलटून आले. त्या सकाळीच घातल्यात, त्यांना हात लावायची काही गरज नव्हती. शेवटी लेकीची एक अर्धी कोरी वही सापडली, ती घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. लिहिताना निदान हात तरी एका ठिकाणी राहतात.

वडगाव रासाईचं हे घर तू पाहिलंस तेव्हा पुढच्या खोलीत एकच फोन होता आणि त्यावर क्रोशाचा रुमाल असायचा. आता गावात फायबर आलंय. चौघांचे चार फोन, टीव्ही, गोठ्यातला कॅमेरा, माझा कंपनीचा लॅपटॉप, विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू करायचा स्टार्टर, सगळं एकाच वायफायवर. तुझ्या दौंडच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या बोर्डाचा एक कोपरा तरी आमच्या घरात मावलाय असं समज. आणि तो कोपरा सांभाळायची अक्कल घरात कुणालाच नव्हती, मलासुद्धा, आणि मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे दोनशे कॉम्प्युटर सांभाळते. हसू नकोस.

गोंधळ लग्नसराईत झाला. माझे सासरे तुला आठवतात, मी त्यांना मामा म्हणते. ऐंशीला आलेत, अजून रोज रानात जातात, सोसायटीवर दोनदा निवडून गेलेला माणूस. त्यांच्या व्हॉट्सअॅपवर एका ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. आता आपल्याकडं पत्रिका आली की कुणाची, कुठली, हे नंतर; आधी ती दोन्ही हातांनी घ्यायची. मामांनी ती उघडली. आत काही दिसेना. फोननं दोन-तीनदा काहीतरी विचारलं, त्यांनी होकार दिला, कारण आमंत्रणाला नाही कसं म्हणायचं? आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्या गावचं जुनं माणूसच करील. त्यांना वाटलं, आपला चष्मा जुना झालाय म्हणून पत्रिका दिसत नाही, पण आमंत्रण आलंय तर भावकीतलं कुणी राहायला नको. म्हणून भजनी मंडळाला, डेअरीच्या ग्रुपला, पै-पाहुण्यांना, एकेकाचं नाव शोधून त्यांनी ती पुढं पाठवली आणि खाली लिहिलं, 'सहकुटुंब सहपरिवार यावे'. ती पत्रिका नव्हतीच. फोनात घुसून बसणारी फाइल होती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाचे फोन आपापले एकमेकांना पत्रिका वाटत सुटले होते. कुणाचं मोठं नुकसान झालं नाही. सात-आठ फोन मी स्वतः पुसून कोरे करून दिले, लोकांचे नातवंडांचे फोटो गेले. पण पुढं पंधरा दिवस मामा दिसले की कुणी ना कुणी विचारायचंच, "मामा, लग्नाला कवा निघायचं?" मामांनी डेअरीवर जाणं सोडलं. दूध घालायला गडी जाऊ लागला.

मला ते बघवेना. माझा स्वभाव तुला माहीत आहे, काही बिनसलं की मला काहीतरी हातात घेऊन खोलायला लागतं. माळ्यावर लेकीला आठवीत घेतलेला कॉम्प्युटर पडला होता. तो खाली काढला. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, पंख्यात केस आणि धूळ, पण झटकून वायर लावली तर बिचारा लगेच उठून उभा राहिला. कंपनीच्या भंगारात एक जादा नेटवर्क कार्ड होतं, साहेबांना विचारून ते आणलं आणि त्यात बसवलं. करायचं काय ते तुला सोपं करून सांगते. बाहेरून येणारी वायर घरातल्या वायफायला थेट न जोडता आधी ह्या जुन्या कॉम्प्युटरात घालायची आणि त्याच्यातून दुसरी वायर काढून घराला द्यायची. म्हणजे येणारं-जाणारं सगळं त्याच्यातून जातं आणि आपण लिहून दिलेल्या नियमांप्रमाणे तो कुणाला सोडतो, कुणाला अडवतो. त्याला फायरवॉल म्हणतात. मामांनी स्वतःच्या बोटानं उघडलेली पत्रिका ह्यानं थांबली असती का? नसती, खरं तर. फार तर ती आत बसून पुढं कुठं बोलायला लागली असती ते अडलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरासाठी आपण काहीतरी केलं एवढं वाटायला हवं होतं.

लेक माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली होती. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती पहिलीत होती, आता नर्सिंग पूर्ण करून शिरूरच्या एका दवाखान्यात लागलीय. घरातलं एकेक यंत्र त्या कॉम्प्युटरच्या यादीत आलं की ती त्याला नाव द्यायची: मामांचा फोन, गोठा, विहीर, टीव्ही, मम्मी. स्वतःच्या फोनापुढं तिनं लिहिलं, 'सिस्टर'. खूप हसलो आम्ही. मग मी नियम लिहायला बसले आणि माती खाल्ली. हे नियम वरून खाली वाचले जातात, जो पहिला लागू पडेल तो चालतो, त्याच्या खालच्यांना कुणी विचारत नाही. मी 'बाकी सगळं बंद' हा नियम चुकून सगळ्यात वर ठेवला. घर ठार. टीव्ही बंद, गोठा बंद, आणि मलाही त्या कॉम्प्युटरच्या डब्यात परत शिरता येईना, कारण बंद करताना मी स्वतःलाही वगळलं नव्हतं. मामा ओसरीवरून ओरडले, "सूनबाई, नेट गेलं व्हय गं? कांद्याचा भाव बघायचा व्हता!" लेकीनं जुना मॉनिटर आणून जोडला, तेव्हा कुठं आत जाता आलं. ती म्हणाली, "मम्मी, तू सगळ्यात आधी सगळ्यांना न्हाईच म्हणतीस. मग एकेकाला सोडतीस." तेव्हा मला तो नुसता चेष्टेचा बोल वाटला.

त्या डब्यात एक नोंद राहते, आई. कुठल्या फोननं किती वाजता कुठल्या साइटचा पत्ता विचारला, एकाखाली एक ओळी. आत जाऊन काय वाचलं, काय लिहिलं, ते दिसत नाही. फक्त कुठं गेलं ते दिसतं. ही नोंद सुरुवातीला चालू ठेवावी लागते, काही अडतंय का ते बघायला. मी पहिल्या संध्याकाळी तेवढ्यासाठीच उघडली. मामांचा फोन बाजारभावावर, कीर्तनावर, आणि मधूनच कुस्त्यांवर. आणि 'सिस्टर' पासपोर्टच्या सरकारी साइटवर. तिथून जर्मन भाषेच्या एका क्लासवर. तिथून परदेशी दवाखान्यांत नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेवर. मग पुन्हा जर्मन.

तुला कळायला हवं म्हणून सांगते, त्याच आठवड्यात तिला केंदूरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा वाईट नाही. घरची बागायत, चाकणला नोकरी, बोलायला नीट. येऊन बघून गेले, पसंती आली. लेकीला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आमचे हे पाटसच्या साखर कारखान्यावर, गाळपाच्या सीझनमध्ये घरी पाहुण्यासारखे येतात, ते म्हणाले, मामांनी शब्द दिलाय म्हणजे झालं. आणि मामा? मामा त्या दिवसापासून पुन्हा डेअरीवर जायला लागले. आता कुणी "लग्नाला कवा निघायचं" म्हटलं की मामा सांगतात, "निघायचं की! नातीचंच हाय, खरीखुरी पत्रिका घिऊन येतो." येत्या रविवारी बैठक आहे. केंदूरची तीस माणसं जेवायला येणार, याद्या होणार, सुपारी फुटणार.

मी रोज ती नोंद बघू लागले. कामावरून आले की आधी पाय धुवायचे सोडून तो पडदा उघडायचा. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोनवरून उघडायचा, तशी सोय मीच करून ठेवली होती. तिची दुपारची ड्युटी असली की सकाळी दहा वाजता जर्मन, सकाळची असली की चार वाजता. एके दिवशी त्यात काहीच नव्हतं, तर मी दिवसभर सैरभैर. दुसऱ्या दिवशी पुन्हा जर्मन दिसलं आणि मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा चिडचिड. तोंडानं काही विचारायला जावं तर काय सांगून विचारू? तुझ्या फोनवर पाळत ठेवते म्हणून कळलं, असं? म्हणून मी तिला विचारायचे, भाजी कशाची करू.

आणि रोज तो पडदा मिटताना मला तुझं एक्सचेंज आठवायचं. दौंडच्या स्टेशनजवळची ती लांब खोली, भिंतीला लागून बोर्ड, पितळेच्या पिना आणि दोऱ्या, नंबराचा खटका पडला की तुझा हात आपोआप तिकडं जायचा. बाहेर मालगाडीची शिट्टी झाली की सगळ्या बायका आवाज चढवायच्या. शाळा सुटली की मी मागच्या बाकावर येऊन बसते, खरं तर परवानगी नाही, पण सुपरवायझर बाई बघून न बघितल्यासारखं करतात. तुझी शिकवण तू एका दमात सांगायचीस: "नंबर द्यायचा, बोलणं लागलं का बघायचं, आन् कळ सोडायची." कळ सोडली की तुझ्या कानातलं बोलणं बंद. पण बाहेरगावच्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की पुन्हा कळ दाबून मध्ये शिरावं लागायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" म्हणून विचारायला. तेवढ्यात जे कानावर पडायचं ते पडायचं. गावातल्या किती घरांचं काय काय तुझ्या कानावर पडलं असेल! घरी येऊन तू कधी अक्षर काढलं नाहीस. बाबा चिडवायचे, "हिच्या पोटात अख्खं दौंड हाय."

मी अकरा वर्षांची आहे. शेजारच्या जागेवरची बाई रजेवर, तिचा हेडफोन खुंटीला लटकतोय. तू पाठमोरी आहेस. मी तो कानाला लावते आणि तू करतेस तशी एक कळ दाबते. कुर्डुवाडीचा कॉल. एक पुरुष म्हणतोय, "पहिल्या बायकोचं त्यांना काय सांगायचं?" दुसरा म्हणतो, "काय न्हाई सांगायचं. ती माहेरी हाय, काडीमोडाचा कागद व्हायचाय अजून. लगीन झाल्यावर कळंल तवा कळंल." मग ते मुलीचं बोलतात: दौंडची, शिवणकाम करणारी, बाप रेल्वेच्या लोकोत कामाला. ती आपल्या शेजारची ताई होती. मला सायकल शिकवणारी, पडले की गुडघ्यावर फुंकर मारणारी. तेवढ्यात तुझाच आवाज आला, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" म्हणजे तूही ऐकत होतीस. तू वळून बघितलंस. मला मारलं नाहीस. माझ्या कानावरचा हेडफोन काढलास, खुंटीला लावलास आणि पुढचा नंबर दिलास.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस आणि मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, ताईला सांगू या." तुझा हात थांबला नाही. "तू काय ऐकलं न्हाईस आन् म्याबी काय ऐकलं न्हाई," तू म्हणालीस. "एकदा का एका घरचं दुसऱ्या घरात नेलं, की ह्या गावात कुणी फोन उचलणार न्हाई. आन् तू जर का त्या खुंटीला पुन्हा हात लावलास तर घरात पाऊल टाकायचं न्हाई." मी रडत रडत जेवले. लग्न झालं. दीड वर्षानं ताई परत आली आणि शेजारच्या भिंतीतून पुन्हा मशिनीचा आवाज यायला लागला. तू तिला रोज वाटीभर भाजी पाठवायचीस, माझ्याच हातून. अठराव्या वर्षी एकदा भांडताना मी तुला म्हणाले, "नोकरी जाईल म्हणून तू तिचं वाटोळं केलंस." तू वर बघितलंस, म्हणालीस, "व्हय, केलं," आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. मी डिप्लोमाला लागले तेव्हा तू स्वतःच्या पहिल्या पगारात घेतलेलं घड्याळ मला दिलंस, ते मी घेतलं, पण तुला माफ केलं नव्हतं. तुझी चिता पेटवली तेव्हाही केलेलं नव्हतं.

आता एक गोष्ट लिहिते, ती मी कधी कुणाला सांगितली नाही. ताईचं घर आपल्या घराला लागून होतं. तू दिवसाचे आठ तास बोर्डावर असायचीस. तुझा हुकूम मी एरवी किती मानत होते ते तुलाही माहीत आहे. सिनेमाला पळाले, चिंचा पाडल्या, गाडीखालून रूळ ओलांडले. तिला जाऊन सांगायला मला कुणी धरलं नव्हतं. पण ताईनं मला करवली म्हणून उभं करायचं ठरवलं होतं आणि स्वतःच्या हातानं माझ्यासाठी मोरपंखी परकर शिवायला घेतला होता. मापं घेऊन झाली होती. लग्न मोडलं तर तो परकर मोडला असता. मी अकरा वर्षांची होते हे खरं, पण मला सगळं कळत होतं हेही खरं. पुढं चाळीस वर्षं सगळा दोष तुझ्या पदरात घातला आणि माझ्या परकराचं नाव काढलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी काल लेकीच्या मागं स्कूटीवर बसले. तिची सकाळची ड्युटी, तिनं मला रांजणगावला सोडायचं आणि पुढं शिरूरला जायचं. न्हावऱ्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीचा टायर बसला होता, रस्ता अडला होता, माणसं उतरून उसाच्या कांड्या खात उभी होती. लेकीनं गाडी बंद केली. तिची पाठ माझ्यापुढं होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच मला जमलं असावं. मी म्हणाले, "तुझा फोन कुठं कुठं जातो ते मला दिसतं. त्या डब्यात."

ती वळली नाही. "कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

मला वाटलं आता ओरडेल, गाडीवरून उतर म्हणेल. मग ती म्हणाली, "तीन आठवडे झाले, मम्मी. मी म्हणत होते, हिनं बघितलंच न्हाई वाटतं."

मला काही उमगेना. तेव्हा ती वळली. डोळे भरलेले आणि राग असा की मी कधी पाहिला नव्हता. "माझ्या फोनात रोजचा नेटपॅक असतो. वायफाय बंद करायला एक बोट लागतं. मला लपवायचं असतं तर मी घरच्या नेटवर बघितलं असतं का? ती नावं मीच टाकली ना तुझ्याशेजारी बसून? मला म्हाईत न्हाई का तिथं काय दिसतं ते? मला तोंडानं बोलता येत नव्हतं. आजोबा त्या पत्रिकेपायी खाली मान घालून बसलेले, ते स्थळ आलं आन् उठून चालायला लागले. पप्पा घरी न्हाईत. म्हणलं, तू बघशील. तू बघितलंस की तू विचारशील. रोज संध्याकाळी तू समोर आलीस की मी म्हणायची, आता विचारती. आन् तू विचारायचीस, भाजी कशाची करू."

"मला लाज वाटत होती गं," मी म्हणाले. "चोरून बघितल्याची."

"तुला लाज वाटती म्हणून मी लग्न करू का?"

समोरची ट्रॉली बाजूला घेतली गेली, मागून लोक हॉर्न वाजवायला लागले. तिनं गाडी चालू केली. रांजणगावच्या कमानीपाशी मला उतरवताना तिनं एवढंच विचारलं, "आजोबांना कोण सांगणार? तू का मी?" मी म्हणाले, मी सांगते. ती म्हणाली, "कवा?" मी म्हणाले, उद्या मला सुट्टी आहे. ती गेली. दिवसभर मी कंपनीत कुणाच्या प्रिंटरला शाई घातली, कुणाचा पासवर्ड बदलला, काय केलं ते आठवत नाही. घरी आल्यावर ती नोंद कायमची बंद केली. डबा चालू आहे, अडवायचं ते अडवतो, पण लिहून काही ठेवत नाही. आणि काय सांगू आई, तरी रात्री जेवताना माझा हात दोनदा फोनाकडं गेला.

तुझी चूक काय होती ते मला अजून नीट सांगता येत नाही. तू ऐकायला बसली नव्हतीस, तुझ्या कानावर पडलं. तुला शब्द पाळायचा होता आणि त्या शब्दावर सगळं गाव बोलत होतं. मी मात्र मुद्दाम कान लावला, तोही स्वतःच्या पोरीच्या दाराला, आणि वर गप्प बसून तुझ्यासारखी थोर झाल्याचं सोंग केलं. तू निदान "व्हय, केलं" म्हणालीस. मला ते म्हणायला एक बंद पडलेली ट्रॉली लागली. ताईला तू रोज भाजी का पाठवायचीस ते आज कळतं. तेव्हा मी वाटी घेऊन जायचे आणि वाटेत तुझ्यावर जळफळायचे. तुझ्या बाजूला बसून एकदा तरी विचारायला हवं होतं, आई, तुला झोप लागते का.

मामांना काय सांगायचं ते मी सकाळपासून जुळवतेय. मुलीला शिकायचंय असं? ते म्हणतील, लगीन करून शिकंल. तिला हे स्थळ नको असं? ते विचारतील, मग तवा का बोलली न्हाई? तिनं तीन आठवडे सांगितलं, मीच ऐकून गप्प बसले, असं सांगितलं तर सगळं खरं सांगावं लागेल, डब्याचं, नोंदीचं, माझं. केंदूरला फोन मामांनाच करावा लागणार. गावात एकदा हसं झालेला माणूस, त्याला पुन्हा मान खाली घालायला मी सांगणार. आज सकाळीच त्यांनी आचाऱ्याला निरोप धाडला, आणि मला म्हणाले, "सूनबाई, केंदूरच्या लोकांस्नी शिपी आमटी लई आवडती म्हणं." मी "बरं" म्हणाले. रविवारला तीन दिवस राहिलेत आणि मी "बरं" म्हणाले.

हे पत्र तुला कुठं पाठवणार? वही लेकीची आहे, ती उद्या शोधेल. सुरुवातीला मी लिहिलंय की घरात मी एकटीच आहे आणि मला बसवत नाही म्हणून लिहायला घेतलं. तेव्हा ते खरं होतं, आता नाही. मामा मघाशीच रानातून आलेत, मी कुर्डुवाडीच्या कॉलचं लिहीत होते तेव्हा. हात-पाय धुऊन ओसरीवर बसलेत. दोनदा त्यांनी हाक मारली, "सूनबाई, वाढतीस ना?" आणि दोन्ही वेळा मी "आले, मामा" म्हणाले आणि खाली मान घालून तुला लिहीत राहिले.